पहिल्या महायुद्धानंतरचे लेखक-चित्रकार पुराणकथांकडे वळले, हा पळपुटेपणा नव्हता का?

तुमच्या प्रश्नातला 'पळपुटेपणा' हा शब्द वाचला म्हणून लिहायला बसले. निराशा समजते, पण डोळ्यांदेखत लाखो माणसं मेलेली असताना ग्रेलच्या (ख्रिस्ताच्या पवित्र प्याल्याच्या) कथा, ग्रीक दैवतं, उपनिषदं आणि जुने चांगले दिवस यांत शिरणं म्हणजे पळ काढणं नव्हे का, असं तुम्ही विचारलंय. हाच शब्द, याच विषयावर, माझ्या वडिलांनी मला १९८९ साली ऐकवला होता. तेव्हा मला उत्तर देता आलं नव्हतं.

आबा मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. ७१च्या लढाईत पूर्वेच्या आघाडीवर होते. मी इंग्रजी घेऊन एम.ए. करत होते. सुट्टीत गावी आले होते (सातारा जिल्हा, गावाचं नाव सांगत नाही) आणि सोप्यात बसून टी. एस. एलियटच्या 'द वेस्ट लँड' या कवितेची टिपणं काढत होते. आबांनी विचारलं, काय वाचतीस. मी मोठ्या हौसेनं सगळं सांगितलं: जखमी राजा, त्याच्या जखमेपायी उजाड झालेला मुलूख, पाण्याची वाट बघणारी जमीन, शेवटी उपनिषदातल्या प्रजापतीचा 'द'. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हा गडी लढाईला गेलता का?" मी म्हटलं, नाही, लंडनला बँकेत होता. "मग झालं की. ज्यानं गोळीचा आवाज ऐकला न्हाई, त्यानं लढाईवर देवादिकांच्या गोष्टी सांगायच्या. पळपुटं लोक." आणि उठून गोठ्याकडे गेले.

पुढची वीस वर्षं हा वाद आमच्यात राहिला. दर सुट्टीत निघायचा आणि तिथेच थांबायचा.

एलियटच्या बाबतीत आबांचं म्हणणं अर्धं खरं होतं. १९१७पासून तो लॉइड्स बँकेत होता. १९१८ साली अमेरिकन नौदलात शिरायची त्यानं खटपट केली, ती जमली नाही. १९२१ साली त्याचं मन पार खचलं, आधी मार्गेटला आणि मग स्वित्झर्लंडमध्ये लोझानला उपचारासाठी राहिला, आणि कवितेचा बराच भाग त्याच दिवसांतला आहे. पण जे मला तेव्हा सांगायला हवं होतं ते असं: १९१७चं त्याचं पहिलं पुस्तक ज्या फ्रेंच मित्राला अर्पण केलेलं आहे, तो ज्याँ व्हेर्देनाल १९१५ साली तुर्कस्तानातल्या दार्दानेल्सच्या मोहिमेत मारला गेला होता. घरी बसलेल्यांचंही कुणीतरी गेलेलं असतं.

जॉइसच्या 'युलिसिस' या कादंबरीवर एलियटनं १९२३ साली लिहिलेला लेख तुम्ही वाचला असेल. आजच्या काळाच्या निरर्थक पसाऱ्याला आकार द्यायला पुराणकथा कामी येते, असं त्यात आहे. तुमच्या प्रश्नाचं उत्तर म्हणून सगळीकडे तेच फेकलं जातं. माझं मत विचाराल तर त्यातून फक्त एलियट कळतो. आणि आपल्याकडच्या वर्गांत 'शेवटी त्यांना उपनिषदांकडेच यावं लागलं' असं छाती फुगवून शिकवतात, ते मला अजिबात पटत नाही. बृहदारण्यक उपनिषदात प्रजापतीच्या 'द'चे अर्थ या क्रमानं आहेत: दाम्यत (संयम करा), दत्त (द्या), दयध्वम् (दया करा). एलियटनं 'दत्त' पुढे आणलं आणि 'दाम्यत' शेवटी नेलं. शेवटी 'शांती' हा शब्द येण्याआधी कवितेची भाषाच फुटलेली आहे, तीन-चार भाषांचे तुकडे एकमेकांवर पडलेले आहेत. तिथे आपला विजय कसला शोधायचा?

एलियट इथेच सोडते, कारण माझं उत्तर मला त्याच्यात मिळालं नाही. ते मिळालं डेव्हिड जोन्सच्या 'इन पॅरेन्थिसिस'मध्ये. मला ते पुस्तक २००८ साली एका सहकाऱ्यानं दिलं. आपल्या अभ्यासक्रमांत ते मला कुठेही दिसलेलं नाही, आणि याचा मला मनापासून राग आहे.

जोन्स चित्रकार. लंडनचा, वडील वेल्श. १९१५ साली रॉयल वेल्श फ्युझिलियर्समध्ये साधा शिपाई म्हणून भरती झाला. जुलै १९१६मध्ये फ्रान्समधल्या सोमच्या लढाईत मामेट्झच्या जंगलावर ३८व्या वेल्श डिव्हिजननं हल्ला केला. थोड्या दिवसांत त्या डिव्हिजनची सुमारे ४,००० माणसं मेली, जखमी झाली किंवा हरवली. जोन्सला पायात गोळी लागली. तेव्हा तो वीस वर्षांचा होता. पुस्तक लिहायला त्यानं १९२८ साली घेतलं, मसुदा होत आला तेव्हा १९३२ साली त्याचंही मन कोलमडलं, आणि छापून आलं १९३७ साली, एलियट ज्या फेबर प्रकाशनात काम करत होता तिथूनच. म्हणजे गोळीचा आवाज ऐकलेला माणूस. आणि त्याच्या पुस्तकात पुराणकथा एलियटपेक्षा जास्त आहेत, कमी नाहीत.

सातही भागांच्या आरंभी 'गोदोदिन' या जुन्या वेल्श काव्यातल्या ओळी आहेत. तीनशे वीर काट्राएथच्या लढाईला गेले आणि जवळजवळ सगळे तिथेच पडले, त्यांची ही कविता, अनैरिन नावाच्या कवीच्या नावावर असलेली. एका भागात डाय नावाचा शिपाई उभा राहून बढाई मारतो: आबेलला त्याच्या भावानं गाठलं तेव्हा मी तिथे होतो, ख्रिस्ताला क्रुसावर चढवलं तेव्हाच्या शिपायांत मी होतो. जगातल्या प्रत्येक लढाईत तो होता. हे ग्रंथालयात बसून केलेलं काम नव्हे. शिपायांच्या बोलण्यात हे असतंच. आबांच्या पलटणीतले लोक घरी यायचे तेव्हा कोंढाण्यापासून इटलीपर्यंतच्या सगळ्या लढाया 'आम्ही' लढलो अशाच थाटात सांगायचे, आणि कुणाला ते खोटं वाटायचं नाही.

जुन्या दिवसांच्या ओढीचंही तुम्ही विचारलंय. मराठी समीक्षेनं नोस्टाल्जियाला 'स्मरणरंजन' हा शब्द दिला आणि फार नुकसान केलं. त्यात रंजन कुठे आहे? योहानेस होफर नावाच्या स्विस वैद्यानं १६८८ साली हा शब्द एका आजाराचं नाव म्हणून बनवला. ग्रीकमध्ये घरी परतणं आणि वेदना असे दोन शब्द त्यात जोडलेत. पुढे बराच काळ तो सैनिकांचा आजार समजला जायचा. इंग्रज शिपायांच्या तोंडी घरासाठी शब्द होता 'ब्लायटी', आणि तो आपल्या विलायतीवरून गेलेला. हिंदुस्थानात पिढ्यान्‌पिढ्या छावणीत राहिलेल्या गोऱ्या पलटणींनी तो इथून उचलला. जी जखम घरी पोचवेल तिलाही 'ब्लायटी'च म्हणायचे. मरणाच्या दारात घराची आठवण काढायला त्यांना आपला शब्द लागला, हे मला कधी विसरता येत नाही.

पण जोन्सची ओढ युद्धाआधीच्या इंग्लंडची नाही, आणि हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. त्याचं पुस्तक डिसेंबर १९१५ ते जुलै १९१६ एवढंच आहे. प्रस्तावनेत तो म्हणतो की सोमनंतर युद्ध जास्त निर्दय, जास्त यांत्रिक होत गेलं. त्याआधीच्या महिन्यांत माणूस माणसाला ओळखत होता. त्याला आठवण येते ती खंदकातल्याच त्या महिन्यांची, त्या माणसांची. आबा ७१बद्दल बोलायचे नाहीत, पण पावसाळ्यात कधी म्हणायचे, "तवाचं बरं होतं." आई भडकायची. लढाईत काय बरं असतं? मला जोन्स वाचून कळलं की ते लढाईबद्दल बोलत नव्हते.

आता मुख्य गोष्ट. २००९चा दसरा जवळ आला होता. आबांची दृष्टी अधू झालेली, मी संध्याकाळी त्यांना पेपर वाचून दाखवायचे. एक दिवस पेपर बाजूला ठेवला आणि सातव्या भागातलं वनराणीचं पान मराठीत करून वाचलं. हल्ला संपलाय, जंगलात प्रेतं पडलीत, आणि वनराणी एकेकाला फुलं देत फिरते. एमिल नावाच्या जर्मनाला सोनेरी फुलांचा मुकुट. लिलीव्हाइटला डेझीची माळ. हॅन्सेल आणि ग्रॉन्वी, एक जर्मन आणि एक वेल्श, दोघांत मिळून रानव्हायोलेट. अनैरिनला (हा त्या कवीच्या नावाचा शिपाई) रोवनची डहाळी, तो नाल्यात पडलाय. मूळ इंग्रजीतही 'नाला'च लिहिलाय. आबांनी मला थांबवलं. "नाला? हा तर आपला शब्द." मी सांगितलं, तेही इथूनच घेऊन गेले. ते म्हणाले, "वाच."

पुढे ती डायला शोधते. तोच तो, सगळ्या लढायांत असलेला. तो कुठेच सापडत नाही. ती वर-खाली हाका मारते. त्याच्यासाठी तिनं खास वेगळं काहीतरी ठेवलेलं असतं.

आबा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "आमची म्हातारी बी हेच करायची."

इथे थोडं सांगावं लागेल. आमच्या चावडीच्या भिंतीत एक संगमरवरी पाटी आहे. १९१४ ते १९१९च्या महायुद्धाला या गावातून इतके गेले, त्यांतल्या इतक्यांनी प्राण दिले. दोन आकडे, नाव एकाचंही नाही. आमच्या भागात अशा पाट्या गावोगाव आहेत, अपशिंग्याला तर 'मिलिटरी' हेच नाव लागलंय. आमच्या पाटीवरच्या दुसऱ्या आकड्यात आबांचे आजोबा आहेत. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, सहावी पुणे डिव्हिजन कूत-अल-अमारात अडकली, जवळजवळ पाच महिने वेढा पडला, घोडी-खेचरं कापून खायची वेळ आली आणि २९ एप्रिल १९१६ला कूत पडलं. सुमारे १३,००० माणसं तुर्कांच्या कैदेत गेली. वाळवंटातून चालवत नेताना आणि कैदेत हजारो मेली. आबांचे आजोबा कूतपर्यंत होते एवढं कळलं, पुढचं काहीच कळलं नाही. घरात त्यांना 'बसऱ्याचे आजोबा' म्हणतात.

आमच्या मारुतीच्या देवळामागे दोन वीरगळ आहेत. खाली लढाई, मधे वीराला वर नेणाऱ्या अप्सरा, त्यावर तो शंकराच्या पिंडीपुढे बसलेला, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. कुणाचे, कधीचे, कुणालाच ठाऊक नाही. खंडेनवमीला घरात हत्यारांची पूजा मांडायच्या आधी आबा कळशीभर पाणी नेऊन ते धुवायचे आणि झेंडूची माळ घालायचे. लहानपणापासून पाहिलं होतं, कारण कधी विचारलं नव्हतं. त्या संध्याकाळी त्यांनी सांगितलं, "म्हातारी मला घेऊन जायची. म्हणायची, आपल्या माणसाचा दगड कुठं हाय आपल्याकडं? ह्यालाच घालायची. तिला ठावं होतं का, ह्यो कोण दुसराच हाय म्हणून? ठावं होतं की."

माझ्यापुरतं तुमच्या प्रश्नाचं उत्तर हे आहे. चावडीवर आकडा होता, तारेत एक ओळ होती, देह नव्हता, जागा नव्हती. त्या बाईनं कधीच्या कुठल्या परक्या वीराची गोष्ट उचलली आणि आपल्या नवऱ्याला तिच्यात ठेवलं. तिला पळपुटी म्हणाल? जोन्सनं गोदोदिनच्या तीनशे वीरांत आपल्या सोबत्यांना ठेवलं ते याहून वेगळं नाही. तो हे करताना गोळी, चिखल, फुटलेली डोकी यातलं काहीही लपवत नाही. तुमचा प्रश्न असं धरून चालतो की पुराणकथा हातात घेतली की वास्तवाकडे पाठ होते. होत नाही.

मी हे असंच्या असं आबांना म्हटलं. जिंकल्यासारखं वाटत होतं, म्हणून शेवटचं पानही सांगून टाकलं: बॉल नावाचा शिपाई पायाला गोळी लागून रात्री जंगलातून सरपटत येतो, रायफल जड होते, आणि ती तो ओकच्या झाडाखाली सोडून देतो.

"रायफल टाकली?"

मी म्हटलं, टाकली नाही, सोडली. जखमी होता.

"म्हंजी टाकलीच. हत्यार टाकलं त्यानं." आवाज चढला. "मग ह्यो पळपुटाच की गं." आणि काठी शोधायला लागले. मी त्यांना आत नेलं. कूतमध्ये काय झालं होतं हे त्यांना माहीत होतं, आणि मलाही. आबा नेहमी 'कूत पडलं' म्हणायचे, 'शरण गेले' असं त्यांच्या तोंडून मी कधीच ऐकलं नाही. तो विषय आम्ही दोघांनीही पुन्हा काढला नाही. २०१४ साली ते गेले.

चित्रकारांबद्दल थोडक्यात सांगते. जर्मन चित्रकार ओटो डिक्स मशिनगनवर होता, वर्षानुवर्षं आघाडीवर. १९२४ साली त्यानं 'युद्ध' नावाची ५० कोरीव चित्रांची मालिका काढली, ती बघवत नाही. त्याच माणसानं १९२९ ते १९३२ या काळात याच विषयावर मोठं चित्र केलं ते चर्चमधल्या वेदीच्या तीन फळ्यांच्या बांधणीत. ख्रिस्ताच्या जागी सडलेला शिपाई. जर्मन चित्रकार-शिल्पकार केटे कोलविट्झचा मुलगा पेटर स्वखुशीनं भरती होऊन ऑक्टोबर १९१४मध्ये बेल्जियममध्ये मारला गेला. त्याच्या कबरीसाठी शिल्प करायला तिला १९३२ साल उजाडलं. कितीदा सुरू केलं, मोडलं. शेवटी त्यात मुलगा नाहीच. गुडघ्यावर बसलेले आई-बाप, एकमेकांना न शिवता, प्रत्येक आपल्याच अंगाला मिठी मारून. आता ते बेल्जियममधल्या फ्लादस्लोच्या दफनभूमीत आहे.

आपल्याकडे मर्ढेकरांकडे बघा. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली मुंबई, यंत्र, गर्दी, मेलेले उंदीर, आणि छंद कुठले तर ओवी-अभंगाचे. १९४७च्या 'काही कविता'वर अश्लीलतेचा खटला झाला, हे सगळ्यांना पाठ असतं. रामदास-तुकोबांची चाल त्यांना का लागली, हे फारसं कुणी विचारत नाही. त्यावर कधीतरी स्वतंत्र लिहीन.

आता दोन गोष्टी माझ्याच म्हणण्याच्या विरुद्ध, त्या लपवणं बरोबर नाही. पहिली: पुराणकथा सरकारच्या हातात गेली की ती वेगळंच काम करते. बेल्जियममधल्या ज्या फ्लांडर्समध्ये पेटर कोलविट्झ मेला, तिथेच जवळ लांगेमार्कला त्याच सुमारास जर्मन पोरं गाणं म्हणत मरणाला सामोरी गेली अशी दंतकथा तयार झाली, आणि पुढे नाझींनी ती पुढच्या पिढीला भरतीसाठी पाजली. १९३३ साली त्यांनी डिक्सला ड्रेस्डेनच्या अकादमीतून काढलं, कोलविट्झला प्रशियाच्या अकादमीतून जावं लागलं. तिचा नातू, तोही पेटरच, १९४२ साली रशियात पडला. तुमचा संशय या जातीच्या पुराणकथेबद्दल असेल, तर मी तुमच्या बाजूची आहे.

दुसरी: पॉल फसेल या अमेरिकन समीक्षकानं १९७५च्या आपल्या ग्रंथात जोन्सवर नेमका तुमचाच आरोप केलाय, की जुन्या वीरकथांशी जोडून त्यानं या कत्तलीला प्रतिष्ठा दिली. आणि फसेल स्वतः दुसऱ्या महायुद्धात फ्रान्समध्ये पायदळात लढताना जखमी झालेला. म्हणजे 'लढलेल्यालाच बोलायचा हक्क' हे आबांचं माप लावलं तरी वाद मिटत नाही. मी जोन्सच्या बाजूला आहे, कारण मी देवळामागचा तो दगड बघितलाय. फसेलनं तसला दगड बघितला असता तर, एवढंच म्हणते.

वाचायचं असेल तर एलियटपासून सुरुवात करू नका, 'इन पॅरेन्थिसिस'चा सातवा भाग आधी घ्या. टिपांत अडकू नका, मोठ्यानं वाचा. आणि शेवटची पानं माझ्यासारखी घाईनं सांगून टाकू नका. बॉल रायफल सोडतो त्याआधी तिथे दोन पानं आहेत. ती त्याच्या गळ्यात ओझं होऊन लटकते. तिच्याशी लग्न लाव, तिला जप, ती तुझी आहे, हे उस्तादांचं शिकवणं त्याला आठवतं. आणि झाडाखाली ठेवताना तो विचार करतो की दवानं गंजायला अशीच सोडावी, की आतले भाग तरी नीट झाकून ठेवावेत.

ही ओळ मी आबांना वाचून दाखवली नव्हती. बंदुकीच्या त्या भागांना मराठीत काय म्हणतात हे मला माहीत नव्हतं, म्हणून गाळली. आबा गेल्यानंतर त्यांच्या पलटणीतल्या एका काकांना विचारलं. त्यांनी लगेच सांगितलं: चालवाले पुर्जे. तेल लावून, चिंधीनं झाकून ठेवायचे असतात, दव फार वाईट.